मिनिटाची फाईल

ह्यांना ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं होतं, पण परगावचे मोठे डॉक्टर स्कॅन बघितल्याशिवाय पुढे जाऊ देईनात. "आई, शंभर एमबीचा स्पीड आहे, स्कॅनची सहा हजार एमबीची फाईल त्यांच्याकडे मिनिटात पोचते," नेट कंपनीत असलेला माझा थोरला छाती काढून म्हणाला. तीन मिनिटं झाली तरी स्क्रीनवरची पट्टी निम्मीसुद्धा सरकेना.

"तिकडे बाप आडवा पडलाय, आणि तुझी फाईल रमतगमत चाललीय होय रे?" मी खेकसले.

"लाईन बिघडलीय!" म्हणत त्याने घाम पुसला, तेव्हा सुनेने त्याच्याच कंपनीचा तक्रारीचा नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला.



"स्पीड मेगाबिटमध्ये मोजतात, फाईल मेगाबाईटमध्ये, आणि एका बाईटचे आठ बिट. तुमच्या अंदाजाला आठाने गुणा आणि शांतपणे वाट पाहा," फोनमधून आमच्या थोरल्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज आम्हाला समजावत होता.