तोताराम नानांचा कुत्रा

"हाऊ मना कुत्रा शे," म्हातारा म्हणाला आणि कामिनीच्या लगेच लक्षात आलं, की हा चक्क खोटं बोलतोय.

खोटं ओळखण्यात तिचा हात कोणी धरला नसता. सोनगीरजवळ, हायवेला लागून असलेल्या बंद पोल्ट्रीच्या शेडमध्ये तिने प्राण्यांचा निवारा उघडला, त्याला सात वर्षं झाली होती. गाड्या थांबायच्या आणि त्यातून उतरलेली माणसं, गळ्यावर पट्ट्याचा ताजा वण असलेलं कुत्रं पुढे करून बिनदिक्कत सांगायची, "रस्त्यात सापडलं हो, आमचं नाही." चाळीस कुत्र्यांच्या जागेत आता सत्त्याऐंशी झाली होती. आजारी कुत्री तिच्या टेबलाखाली झोपत. तरी येणारे येतच होते.

या म्हाताऱ्याचं नाव तोताराम. डोक्यावर टोपी, हातात नवाकोरा दोर. शेतावर फुकटचा राखणदार हवा असेल, असा तिने अंदाज बांधला. आत येण्याआधी तो दहा मिनिटं फाटकावरची पाटी वाचत उभा होता, हेही तिने खिडकीतून पाहिलं होतं. पाटीवर तिचा नियम होता: साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला कुत्रं दत्तक मिळणार नाही. गेल्या वर्षी दोन म्हातारे वारले, त्यांची कुत्री परत इथे आली आणि अन्न सोडून मेली. तेव्हापासूनचा हा नियम तिने कोणासाठी मोडला नव्हता.

"तुमचाच आहे ना? मग काहीतरी खूण सांगा, नाना."

तोतारामने फाटकाशी बसलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. "याना चारी पाय पांढरा शेत."

पुढचे दोन पाय पांढरे दिसतच होते. मागचे त्याने अंदाजाने ठोकून दिले. कुत्र्यांचा भात रांधणारी बेबाबाई फिसकन हसली. कामिनीने चुटकी वाजवली, तसा कुत्रा उठला. मागचा एक पाय त्याला नव्हताच. दोन वर्षांपूर्वी त्याला सोडून निघालेल्या गाडीमागे तो जीव खाऊन पळाला होता आणि ट्रकखाली आला होता. जीव वाचला, पाय गेला. तेव्हापासून तो दिवसभर फाटकाशी बसून हायवेवरची एकेक गाडी न्याहाळायचा. त्याला न्यायला कधी कोणी आलं नव्हतं.

म्हातारा खजील झाला. आता हा मुकाट परत जाईल, असं तिला वाटलं.

"एक पाय कमी शे ते काय व्हयनं?" तो म्हणाला. "मनाच शे."

"नाना, आता तरी खरं सांगा."

त्याने टोपी काढून हातात घेतली. "दर बाजारना दिन मी एस्टीमा ऱ्हास, ताई. खिडकीमाईन हाऊ दिखस. बठ्ठा गाड्यास्कडे देखस. कोनी तरी वाट देखी राह्यना. दोन वरीस व्हयनात, कोनीच उनं नही." त्याने कुत्र्याकडे पाहिलं. "म्हनीसन मी उनू."

दुसरं कोणी आलं नाही, म्हणून हा आला होता. कामिनीने स्वतःला सावरलं. नियम काही उगाच केला नव्हता.

"घरी कोण असतं?"

"एकलाच. पोऱ्या सुरतले शे."

"वय?"

"एक्काहत्तर."

"आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर? हा पुन्हा गाड्या बघत बसला, तर या खेपेला वाचायचा नाही, नाना."

"मना मांगे तू शे ना, माय," तोताराम म्हणाला. त्यात विचार करण्यासारखं त्याला काहीच वाटत नव्हतं.

सात वर्षांत कामिनीला शाली मिळाल्या होत्या, पेपरात फोटोही आला होता. कुत्री तर सगळेच तिच्यावर टाकून गेले होते. भरवसा टाकणारा कोणी भेटला नव्हता. तिला फार बरं वाटलं आणि स्वतःचा, या गळक्या शेडचा, त्यातल्या सत्त्याऐंशी जिवांचा अभिमान वाटला. तिने रजिस्टर ओढलं, 'दत्तक' हा रकाना सोडला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'मूळ मालकाच्या स्वाधीन.'

बाहेर काळीपिवळीवाला कुत्र्याला बसवून घ्यायला कुरकुरत होता. "मना शे!" तोतारामने छाती फुगवून सांगितलं. "याना बी भाडं ले!" कुत्रा त्याच्या धोतराला नाक लावून उभा होता. त्याची पाठ हायवेकडे होती.

बेबाबाईने रजिस्टरमध्ये डोकावून पाहिलं. "ताई, तुम्ही बी खोटं लिखी राह्यनात?"

"असू द्या, अक्का," कामिनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत म्हणाली. "'माझा नाही' असं खोटं सांगणारे आजवर शेकड्याने आले. 'माझा आहे' असं खोटं सांगणारा आज पहिला आला."