कोर्टाच्या दारावरचं नाव

"व्हर्ना, अगं, तुझ्या डेल्मरचं नाव लागलंय कोर्टाच्या दारावर!" ब्यूला टॅकेट फाटकातूनच ओरडली.

व्हर्नाच्या हातातलं मक्याच्या पिठाचं भांडं कलंडलं. बँकेत वर्षानुवर्षं पडून असलेल्या, कुणी न विचारलेल्या पैशांची यादी शेरीफने दारावर डकवली होती. मुदतीत कुणी दावा केला नाही, तर सगळं केंटकी सरकारजमा.

"जाऊ देत सरकारला," व्हर्ना म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या पैशाला हात लावायला नको वाटतं."

"वा गं वा! शनिवारी पोरीचं लग्न आणि विहीणबाईंना सरकारचा पुळका!" ब्यूला पाद्र्याची बायको. तिच्याच मुलाशी व्हर्नाच्या आयव्हलीचं ठरलं होतं. "सरकार तरी विचारतंय, बाई, की हे कुणाचं आहे का. मग सांगायला नको? आमचे हे येतील बरोबर."

आता नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? तिचा नवरा डेल्मर परमुलखात खाणीत दगावला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोरगी रांगत होती तेव्हापासून व्हर्नाच्या अंगावर काळा पोशाख होता आणि चर्चमध्ये तिला पुढच्या बाकावर जागा होती.

दुसऱ्या दिवशी पाद्र्याच्या मागोमाग कोर्टाच्या पायऱ्या चढताना तिची मान वर होईना. बघणाऱ्यांना वाटलं, बिचारीला पैसे मागायची लाज वाटतेय.

जज्जसाहेबांनी बायबल पुढे सरकवलं. "हात ठेवा आणि सांगा, डेल्मर कूम्ब्स हयात नाही."

"एवढंच?"

"एवढंच. नंतर मी काय ते बघतो."

व्हर्नाने हात ठेवला.

"बोल ना, बहिणी," पाद्री हसून म्हणाला. "खरं बोलायला कसली आलीय भीती?"

चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला. गावाशी खोटं बोलता येतं, ते तिने निभावलंही होतं. पण या पुस्तकावर हात ठेवून तिला ते जमेना.

"तो मेला नाही, साहेब. एका बाईबरोबर ओहायोला पळून गेला. टाकलेली म्हणवून घ्यायची लाज वाटली, म्हणून मीच त्याला मारलं. पोरीलाही तेच सांगितलं." तिने पदरासारखी शाल तोंडाशी धरली. "धरणी पोटात घेईल तर बरं."

पाद्र्याने टोपी उचलली. "शनिवारचं राहू दे," एवढंच तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

जज्जसाहेबांनी बायबल परत आपल्याकडे ओढलं.

"शपथ घेऊन मोकळी व्हायचीस की गं बाई," ते म्हणाले. "ती ओहायोवाली कालच येऊन गेली, याच पैशांसाठी. गेल्या महिन्यातच पुरलाय त्याला."