नळीचं दुसरं टोक

बागेतले नवे खेळ सगळ्याच मुलांसाठी होते. तरी बोलक्या नळीपाशी येताच आईने लेकीला हळूच झोपाळ्याकडे वळवलं. नळीच्या एका टोकाला बोलायचं, दुसऱ्या टोकाला ऐकायचं. जन्मतः बहिऱ्या पोरीच्या जखमेवर मीठ कशाला चोळा!

पण हात सोडवून लेक धावलीच. नळीला कान लावून तिने मान डोलावली आणि खुदकन हसली.

"इतरांची नक्कल करतेय," आई रखवालदाराला म्हणाली.

"करू दे हो, ताई. दुसरं टोक अजून बसवलंच नाहीये."

लेकीने खुणेने सांगितलं, तुला बोलावतायत.

आईने कौतुकाने वाकून कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. हसत ती सरळ झाली.

समोर चक्रावरची पोरं तोंडं वासून ओरडत होती. आवाज मात्र कसलाच नव्हता.

शेजारी लेकीने दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.