सत्काराचा फेटा

“फेट्याचा शेमला मोकळा कसा राहिला?” अनुजानं विचारलं, आणि विजयसिंहाच्या कपातला चहा बशीत हिंदकळला.

खरं तर प्रश्न त्याला नव्हताच, अंबूबाईला होता. तिचा नवरा पिराजी गेल्या सुरक्षा सप्ताहात कारखान्यात लेथ मशीनवर मेला होता. कामावर जीव गमावणाऱ्या माणसांवर अनुजा पीएच.डी. करत होती. माणूस मेला एवढं कारखाने सांगतात, कसा मेला ते घरी जाऊन विचारावं लागतं, असं तिचं म्हणणं. म्हणून ती जोतिबाच्या डोंगराखालच्या या घरी आली होती. घर दाखवायला कारखान्यानं सुपरवायझर विजयसिंहाला सोबत दिलं होतं. घर काही सापडायला अवघड नव्हतं. आपल्याला कशासाठी धाडलंय, हे त्याला न सांगताही कळलं होतं.

घडलं ते असं. उभ्या नोकरीत अंगावर साधा ओरखडा नाही म्हणून सुरक्षा सप्ताहात पिराजीचा सत्कार ठेवला. कोल्हापुरात सत्कार म्हटला की फेटा आलाच, आणि फेटा बांधावा तर विजयसिंहानं, अशी त्याची ख्याती. नारळ झाला, टाळ्या झाल्या. मग विजयसिंहालाच हौस आली. मानाच्या फेट्यानिशीच पिराजीमामानं लेथ चालवून दाखवावा, पाहुण्यांना बघू दे की. पिराजीनं मशीन चालू केलं आणि पाठीवरचा शेमला उचलून सदऱ्याच्या गळ्यात खोचायला घेतला. विजयसिंहानं तो ओढून पुन्हा मोकळा सोडला. शेमला दिसला नाही तर फेट्याला शोभा काय, असं वर म्हणाला. पिराजी साहेबांच्या शब्दाबाहेर नव्हता. तो कामावर वाकला, शेमला खांद्यावरून पुढं आला आणि फिरत्या मशीननं तो धरला.

चौकशीत चूक पिराजीची ठरली. विजयसिंहानं तेव्हा मूग गिळले, ते आजवर.

“चूक त्येंचीच, पोरी,” अंबूबाई म्हणाली. “येवढा मान मिळाला, हुरळलं असतील. खोचायचं भान ऱ्हायलं न्हाय.”

अनुजानं लिहून घेतलं. मग साहेबांचे उपकार सांगायची अंबूबाईची पाळी आली. साहेबांनी खांदा दिला, साहेब दहाव्याला आले, आजही एवढी वाट वाकडी करून आले. विजयसिंह मान खाली घालून ऐकत होता. हिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पिराजी तसा विसराळू होता का, असं अनुजानं विचारलं.

“न्हाय की. दळण घिऊन गिरणीत निघालं तर माझा पदर खोचायला लावणारा मानूस. त्यो त्या दिशी कसा इसरला, ह्येच मला कळंना. डोळा लागत न्हाय त्यापायी. मानाला भुलून जीव घालवला म्हनायचा का ह्यो?”

तिनं पदरानं नाक पुसलं आणि विजयसिंहाकडं वळून, जरा भीत भीतच, फेट्यातला एखादा फोटो आहे का म्हणून विचारलं. भिंतीला लावायला घरात धड फोटो नव्हता. आधार कार्डावरच्यात तर पिराजीचे डोळे मिटलेले होते.

फोटो होता. कारखान्यातल्या कारकुनानं विजयसिंहाच्याच मोबाइलवर काढलेला. त्या दिवसानंतर तो उघडून बघायची विजयसिंहाची छाती झाली नव्हती, आणि पुसून टाकायचीही. आता नाही म्हटलं असतं तर बाई बरं म्हणून गप्प बसली असती. कारखाना सुटला असता, नोकरी राहिली असती. फक्त पिराजी कायमचा वेंधळा ठरला असता, अगदी त्याच्या बायकोच्या लेखीसुद्धा. विजयसिंहानं मोबाइल काढला, फोटो लावला आणि तिच्या हातात दिला.

“राजावानी दिसत्यात,” ती म्हणाली.

तिनं बोटांनी फोटो मोठा केला. आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग फेटा, मग हळूहळू खाली आली. पिराजी कॅमेऱ्याकडं बघतच नव्हता. त्याची एक मूठ गळ्याशी होती आणि मुठीत शेमल्याचं टोक.

“हे तर खोचायलाच लागल्यात की.”

अनुजा उठून तिच्याशेजारी येऊन बसली. अंबूबाईचं बोट फोटोच्या कडेला गेलं आणि तिथंच थांबलं.

“आन् ह्यो वढनारा हात कुनाचा?”

“माझा,” विजयसिंह म्हणाला.

अंबूबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मोबाइल तिनं तसाच मांडीवर धरून ठेवला.

“पोरी,” ती अनुजाला म्हणाली, “मगाशी मी सांगितलं ते खोड.”