पक्षांतरांचा आलेख

कोणता नेता कोणत्या पक्षातून कुठे गेला, याचा आलेख काढता काढता माझं डोकं उठलं होतं. प्रत्येक पक्षाला एक रंग, प्रत्येक नेत्याची एक रेघ. झालं एकदाचं म्हणून हुश्श करावं, तर कोणीतरी नवी उडी मारायचा आणि सगळ्या रेघा पुन्हा सरकवाव्या लागायच्या.

"नुसता गुंता आहे हा," आमचे राज्यशास्त्राचे विभागप्रमुख वैतागले. "एका नजरेत कळलं पाहिजे."

"सर, गुंता त्यांनी केलाय. मी फक्त रंगवलाय!"

शेवटी काल संध्याकाळी मी तो भिंतभर फलकावर छापूनच घेतला. आता कोणी उडी मारो नाहीतर खड्ड्यात जावो, मी एका रेघेला हात लावणार नव्हते.

आज अनावरणाला सरांनी मुद्दाम एका ज्येष्ठ पुढाऱ्यांना बोलावलं होतं. अख्ख्या फलकावर त्यांचीच तेवढी रेघ सरळ होती. पडदा बाजूला झाला, तसं त्यांनी तिच्यावरून कौतुकाने बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळले.



"ताई, जरा पेन देता? आज सकाळीच माझा पक्षप्रवेश झाला."