निळा ड्रम

बारा वाजायच्या आत तिन्ही टाक्यांचे नळ उघडले गेले आणि सीताफळाची वाइन नालीतून मागच्या खड्ड्यात वाहू लागली. शेडभर आंबटगोड वास सुटला. गहिनीनाथ कोपऱ्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमला पाठ लावून उभा होता.

एक्साइजच्या साहेबांनी कागदावर तीन खुणा केल्या. "काका, तेवढा ड्रम राहिला."

"त्यो न्हाई, साहेब. त्यो घरचा हाय."

असल्याच दोन ड्रमांवर त्यानं घरात धंदा सुरू केला होता. पुढं परवाना आला, टाक्या आल्या, बाटलीवर बायकोचं, मुक्ताबाईचं नाव आलं. पण बाटल्या कधी भरायच्या ते शेवटपर्यंत तीच सांगायची. ती टाकीला कान लावायची. आत बुडबुडे फुटत असले की म्हणायची, "आजून बोलतंय. हात लावू नगा."

गेल्या दिवाळीत ती बीडला दवाखान्यात होती. पुण्याची ऑर्डर थांबायला तयार नव्हती. "म्या येईस्तवर भरू नगा," ती खाटेवरून म्हणाली. त्यानं साखर मोजायचं मीटर बघितलं आणि बाटल्या भरल्या. आठवड्यानं दुकानांत बाटल्या आतून फसफसून फुटायला लागल्या. एका दुकानदाराचा डोळा गेला. परवाना गेला. हे तिला कळायच्या आत ती गेली.

हा ड्रम तिनं दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं भरून ठेवला होता.

"सरका, मालक," छबुबाई म्हणाली. बारा वर्षं ती इथं सीताफळाचा गर काढत होती. "एवढ्या टाक्या गेल्या, आन् ड्रमला पाठ लावून काय उभं ऱ्हाता?"

गहिनीनाथ खाली बसला. ड्रमला कान लावला.

"आजून बोलतंय," तो म्हणाला. "हात लावू नगा."

छबुबाईनं तोंड फिरवलं. साहेबांनी फाइल तिच्या हातात दिली, वाकले, आणि दुसऱ्या बाजूनं कान लावला.

"मला तर काहीच ऐकू येत नाही, काका."

गहिनीनाथनं कान काढला नाही.

"हळू बोलायची ती," तो म्हणाला. "लई हळू."