मुळीची साल

डोंगरातल्या एका औषधी मुळीचा अर्क पाजायला लागून आठ महिने झाले, तरी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या रक्तातली चरबी तसूभरही कमी झाली नव्हती. वैतागलेली केतकी मुळ्या सोलत होती, तेवढ्यात डोंगरावरची ठकूबाई मुळ्यांचं नवं पोतं घेऊन आली.

तिनं केतकीच्या हातातली सुरीच काढून घेतली. "पोरी, साल टाकून देतीस? मग औषध राहिलं कुठं?"

केतकीनं नाइलाजानं सालीचाच अर्क काढला. दीड महिन्यात चरबी निम्म्यावर आली! रिपोर्ट घेऊन ती थेट ठकूबाईच्या दारात पोचली. "मावशी, आम्ही एवढं शिकलो, पण तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"उंदरांनी. रानातले उंदीर सालच कुरतडतात, गाभ्याला तोंडही लावत नाहीत. तू तर पिंजरे भरून पाळलेस. एकदा अख्खी मुळी त्यांच्यापुढं ठेवायचीस की!"